अण्णा झोपलाय

विनोदिनीनं मशीनला बापाचं नाव दिलं ते भक्तीनं नव्हे, घाईनं. कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची ती नवी भानगड मशीनवर चढवताना मध्येच प्रश्न येतो, या मशीनचं नाव काय. नाव दिल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. सांगलीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत ती एकटी बसली होती, मशीन औंधला अण्णांच्या टेबलावर जायचं होतं, तिनं टाइप केलं ‘अण्णा’ आणि पुढं गेली. बारसं उरकलं.

खरे अण्णा म्हणजे वामन किन्हईकर. एकतीस वर्षं साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर काढलेली. निवृत्त झाल्यावर औंधला परतले आणि तिथल्या शेतकरी मंडळाचं एक काम त्यांनी गळ्यात घालून घेतलं. आसपासच्या चौदा गावांतल्या विहिरींचं पाणी किती खाली गेलं, याची नोंद ठेवायची. मंडळाच्या कचेरीमागच्या खोलीत ते राहायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक एकच, विनोदिनी, सव्वीस वर्षांची, सांगलीत क्लासमध्ये शिकवणारी.

मशीनचं नाव ऐकून ते पोट धरून हसले. “कामात वाटेकरी मागितला होता, तू नावातही दिलास.”

डबा छोटाच होता, पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कंपनीतून आलेला. पानाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा म्हणा. कचेरीमागच्या विहिरीत एक तरंगता गोळा सोडला होता, त्याची वायर डब्याला जोडलेली. दर तासाला डब्यानं जागं व्हायचं, पाणी कुठं आहे ते टिपायचं आणि परत झोपायचं. खटाव तालुक्यात वीज असते त्यापेक्षा नसते जास्त, म्हणून तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी पुरवायची तर झोप हवीच. पण हे पोर झोपायचं ते उठायचंच नाही. पडदा काळा, हिरवा दिवा लागलेला, आतला पंखा घुरघुरतोय, आणि बटणं कितीही बडवा, हूं नाही की चूं नाही.

मग सांगलीला फोन यायचा. फोन करणारा कृष्णात. चाळिशीचा, मंडळाचा एकुलता एक नोकर, सायकलवरून विहिरी मोजत हिंडणारा. तो म्हणायचा, “ताई, अण्णा झोपलाय. उठंना.”

या एका गोष्टीची सगळ्यांनाच गंमत वाटायची. एकाच खोलीत दोन अण्णा, पण कृष्णातची कधी गफलत झाली नाही. माणसाला मान, मशीनला एकेरी. “अण्णा चा घेत्यात” म्हणजे वामनराव आणि “अण्णा तापलाय” म्हणजे डबा. व्याकरणानं काम भागत होतं, म्हणून दुसरी खूण ठेवावी असं कुणाला सुचलं नाही.

विनोदिनी प्रत्येक फोन वहीत लिहायची. ही सवय अण्णांचीच. एक्स्चेंजच्या रजिस्टरात पाच रकाने असायचे: वेळ, तक्रार, सांगितलेला उपाय, दुरुस्ती कोणी केली, सही. आणि तक्रार लिहायची ती तक्रार करणाऱ्याच्याच शब्दांत, अशी अण्णांची ताकीद. “माणूस म्हणाला फोन मेलाय, तर मेलाय असंच लिहायचं. ‘यंत्र नादुरुस्त’ लिहिलंस की तू त्याचं ऐकलं नाहीस, स्वतःचंच ऐकलंस.” हे तिनं लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की हात आपोआप तसंच लिहायचा. डोकं मात्र तेवढ्या वेळात दुसरीकडे जायला शिकलं होतं.

चार फोन झाले. पहिल्यांदा तिनं बॅटरीवर संशय घेतला, मग आतल्या डिस्कवर, मग घड्याळावर. सांगलीत बसून औंधचं मशीन दुरुस्त करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, तरी तिनं ते महिनाभर केलं. शेवटी कळलं ते असं, की मशीनला झोपवणारे दोघं होते. एक कारखान्यातूनच आत बसवलेला, दुसरा लिनक्सचा. एकानं झोपवलं की दुसऱ्याला पत्ता नसायचा, आणि उठवायची वेळ आली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायचे. रविवारी ती औंधला गेली, कारखान्यातल्याला कायमची रजा दिली आणि अण्णांना कामाला लावलं.

“मंगळवारी सकाळी आठपासून बसा. मशीन पाच मिनिटांत झोपेल असं करून ठेवलंय. दर दहा मिनिटांनी एक बटण दाबायचं, उठलं की ‘जागा’ लिहायचं, नाही उठलं तर ‘झोपला’. संध्याकाळपर्यंत.”

“आणि मध्ये उठलो तर?”

“मध्ये उठायचं नाही. एक जरी नोंद चुकली ना, तर सगळं पहिल्यापासून.”

अण्णांनी मान डोलावली. नोंद चुकवणं हे त्यांच्या लेखी चोरीच्या खालोखाल होतं. त्यांना साखरेचा विकार होता. बाराच्या ठोक्याला गोळी, साडेबाराला भाकरी, यात वर्षानुवर्षं मिनिटाचा फरक पडला नव्हता. भाकरी घरकामाला येणारी धोंडुबाई करून ठेवायची. हे विनोदिनीला ठाऊक होतं. बोलताना तिच्या मनात मशीन होतं, एवढंच.

मंगळवारी दुपारी एक पन्नासला क्लासचा फोन वाजला. समोर अकरा मुलं बसलेली. तिनं रिसीव्हर खांद्यानं मानेपाशी दाबला, वही ओढली आणि वेळ लिहिली.

“ताई,” कृष्णातचा आवाज जरा खोल गेला होता, “अण्णा झोपल्यात. उठंनात.”

तिनं लिहून घेतलं. मनात म्हणाली, गेला रविवार पाण्यात. “कधीपासून?”

“मी हिरीवनं आलो तवा आसंच. अर्धा तास झाला आसंल.”

“आवाज येतोय का?”

“येतोय. घुरघुर.”

“मग घाबरू नका. हात लावून बघा, गरम लागतंय?”

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “गार हाय. वलं लागतंय.”

“ओलं? पाणी सांडलंय का?”

“न्हाई.”

तिनं वहीत ‘ओलं’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. दमट हवा आत गेली असेल तर आता मशीन बंद-चालू करणं म्हणजे महिनाभराच्या नोंदींवर पाणी. ती ठासून म्हणाली, “कृष्णातदादा, नीट ऐका. अजिबात हलवू नका. उठवायचा प्रयत्न करू नका. जबरदस्तीनं उठवलं की आतलं सगळं बिघडतं. अंगावरचं पांघरूण काढा आणि वारा लागू दे.” मशीनला धोंडुबाईनं जुन्या गोधडीचं पांघरूण शिवलं होतं.

“कुणाला बलवू का?”

“कुणालाही बोलवू नका. कुणाला हातसुद्धा लावू देऊ नका. मी अडीचच्या गाडीनं निघते.”

“बरं,” कृष्णात म्हणाला. मग, “तुमी म्हणताय म्हंजे बरोबरच आसंल.”

अडीचच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. तासगाव मागं पडलं, दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव लागले आणि तिनं वही मांडीवर उघडली. बिघाड शोधायचा तर एक नोंद बघून भागत नाही, सगळ्या नोंदी एकाखाली एक वाचायच्या आणि त्यांच्यात काय बदललं ते हुडकायचं. पुन्हा अण्णांचंच शिक्षण. तिनं तक्रारीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वरून खाली आणलं.

अण्णा झोपलाय, उठंना.

अण्णा झोपलाय, उठंना.

अण्णा झोपलाय, उठंना.

आज परत अण्णा झोपलाय, उठंना.

अण्णा झोपल्यात, उठंनात.

बोट पाचव्या ओळीवर थांबलं. तिनं ओळ परत वाचली. मग ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल अशी वाचली. झोपल्यात. उठंनात.

लहानपणी शाळेत आपण सगळेच शिकतो की ‘ध’ चा ‘मा’ झाला आणि एक जीव गेला. तिथं निदान अक्षर कुणीतरी मुद्दाम बदललं होतं. इथं सांगणारा चुकला नव्हता, लिहिणारा हातही चुकला नव्हता. अक्षर नीट कानात पडलं, शाईनं कागदावर उतरलं, आणि ऐकणारीच्या डोक्यानं ते गाळलं. शेवटचा ‘त’. आयुष्यभर ज्या ‘त’नं तिच्या बापाला मान दिला, तो ‘त’.

मग एकेक गोष्ट अंगावर यायला लागली. घुरघुर. गार. ओलं. मंगळवार. दर दहा मिनिटांनी. मध्ये उठायचं नाही. बाराची गोळी त्यांनी घेतली असणार, ती तर खिशातच असते, बसल्या जागी घेता येते. भाकरीसाठी मात्र उठावं लागतं.

ती उठून धडपडत कंडक्टरपाशी गेली. “गाडी थांबवा. मला फोन करायचाय.”

कंडक्टरनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि रोजचं तिरकं उत्तर गिळलं. “हितं माळावर फोन कुठला आलाय, ताई. इटं पंधरा मिन्टांवर हाय. बसा तुमी, पानी घ्या.”

ती बसली नाही. दांडीला धरून उभी राहिली. पंधरा मिनिटं म्हणजे किती असतात ते तिला त्या दिवशी कळलं. आपण काय काय बोललो ते शब्दाशब्दानं तिच्या कानात वाजत होतं. हलवू नका. उठवू नका. कुणाला बोलवू नका. दुसऱ्या कुणी फोन घेतला असता तर कृष्णातनं त्याचं ऐकलं नसतं, धावत जाऊन डॉक्टर आणला असता. पण फोनवर ताई होती. शिकलेली, खुद्द त्यांची लेक, आणि आवाजात जराही घबराट नाही. वैऱ्यानंसुद्धा असा पक्का बंदोबस्त केला नसता, असं तिला वाटलं.

विट्याच्या स्टँडवर गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली. एसटीडीवाल्याच्या काचेच्या खोक्यात उभी राहून तिनं कचेरीचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. परत फिरवला. तीन वेळा फिरवला. कुणी उचलला नाही. अण्णांना असं टाकून कृष्णात कचेरी सोडणार नाही. आणि तो गेलाय, याचा अर्थ काय घ्यायचा ते तिला ठरवता येईना. म्हणजे खरं तर एकच अर्थ येत होता आणि तो तिला घ्यायचा नव्हता.

पुढची गाडी तासानं होती. माणसं कोंबून नेणारी वडापची जीप भरत होती, त्यात ती पुढं ड्रायव्हरच्या अंगाला लागून बसली. मायणी गेलं. वाटेत दोन ठिकाणी जीपनं माणसं घेतली, तिनं तोंडातून शब्द काढला नाही. औंधच्या यमाईचा डोंगर दिसल्यावर तिनं हात जोडले नाहीत. मागायचं काय आणि कुठल्या तोंडानं, हे तिला कळत नव्हतं.

कचेरीचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. खुर्ची आडवी पडलेली, टेबलापाशी जमिनीवर एक चटई, तिच्यावर उशी. गोधडीचं मोठं पांघरूण बाजूला काढून नीट घडी घातलेलं. अण्णांचं स्वतःचं. तिनं सांगितलं होतं तसं काढलेलं. वीज परत आली होती, पंखा चालू होता, वारा लागत होता.

आणि मशीन, ठरवलं होतं तसं, झोपलं होतं. पडदा काळा. तिनं नकळत एक बटण दाबलं तर ते तत्काळ जागं झालं, पडद्यावर तिनंच दिलेलं नाव आणि त्याच्यापुढं लुकलुकणारी रेघ. महिनाभर जे साधलं नव्हतं ते साधलं होतं. शेजारी अण्णांचा कागद होता, रेघा मारून तयार केलेला. आठ: जागा. आठ दहा: जागा. बारापर्यंत अक्षर छापल्यासारखं. पावणेएकच्या पुढं ओळ उताराला लागलेली. एक: जागा. एक दहाच्या पुढं नुसताच ‘जा’, आणि एक वेडीवाकडी रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

ती तशीच उभी असताना कृष्णात आत आला. दार लावायला आला होता. तिला बघून तो उंबऱ्यातच थांबला.

“कुठं आहेत?” तिनं विचारलं. ‘आहेत’ म्हणताना आवाज फाटला.

“डाक्टरकडं हायती. शुद्धीवर आल्यात, ताई. बसा आदी.”

ती खाली चटईवरच बसली. कृष्णात दाराला टेकून बोलत राहिला, खालमानेनं. सव्वादोनला धोंडुबाई भांडी घासायला आली. आत जाऊन बघते तर भाकरी फडक्यात तशीच. बाहेर येऊन बघते तर मालक चटईवर आणि कृष्णात शेजारी पुठ्ठ्यानं वारा घालत बसलेला.

“मी म्हटलं, मावशे, हात लावू नगं, ताईनं सांगितलंय उठवायचं न्हाई. तर म्हनली, तुजी ताई सांगलीत हाय, मी हितं हाय. सर तिकडं. तिची सासू आशीच गार पडायची म्हनं, गोळी खाऊन भाकरी चुकली की. घरात गेली, गुळाचा खडा पान्यात कुसकरला आन् बोटानं त्यास्नी हिरडीला चोळत बसली. आन् मला म्हनली, तू जीप आन, न्हाईतर तुलाच आडवा करते.” तो थांबला. “डाक्टर म्हनले, आनखी तासभर गेला आसता तर हातचं गेलं आसतं.”

विनोदिनीनं चटईवरची उशी जवळ ओढली.

“ताई, एक इचारू? तुमी मला आसं का सांगितलंसा?”

तिनं सांगितलं. एका वाक्यात सांगून झालं. कृष्णातनं आधी मशीनकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “म्या त्यास्नी काय बोललो न्हाई,” तो शेवटी म्हणाला. “तुमी काय म्हनलासा त्ये. बोलनार बी न्हाई.”

अण्णा डॉक्टरच्या दवाखान्यातल्या खाटेवर होते. हाताला सलाइन. तोंड सुकलेलं, पण डोळे जागेवर. धोंडुबाई पायाशी जमिनीवर बसली होती, जणू उठली तर कुणीतरी परत काहीतरी बिघडवून ठेवील. विनोदिनीला बघून ती म्हणाली, “आलीस? दम खा.” एवढंच.

“मशीन झोपलं नाही,” अण्णा म्हणाले. आवाज घसा बसल्यासारखा. “मीच झोपलो. एक वीसची नोंद राहिली.”

ती त्यांच्या उशाशी बसली. न सांगता निभावलं असतं. कृष्णात बोलणार नव्हता, धोंडुबाईनं ‘उठवायचं न्हाई’ ऐकलं होतं पण तिनं ते काढलं नव्हतं, आणि अण्णांना फोन झाल्याचंच माहीत नव्हतं. क्षणभर तिला ते फार सोपं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की आज एवढी नोंद चुकवली तर पुढं या माणसासमोर तिला वहीच उघडता येणार नाही.

“कृष्णातदादांनी मला फोन केला होता,” ती म्हणाली. “मला वाटलं मशीन. मी म्हणाले हलवू नका, उठवू नका, कुणाला बोलवू नका.”

अण्णा छताकडं बघत राहिले. खाटेच्या कडेवरचा हात त्यांनी आत ओढून घेतला. घाबरले होते ते. तिनं बापाला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि आज ते तिच्यामुळं घाबरले होते.

“किती वाजता आला फोन?” त्यांनी विचारलं.

“एक पन्नास.”

“लिहिलंस?”

“वेळ आणि तक्रार लिहिलीय. पुढचं नाही.”

“पुढचंही लिही.”

तिनं वही काढली. तक्रारीसमोरच्या रकान्यात, सांगितला होता तसाच, आपला उपाय लिहिला: हलवू नका, उठवू नका, कुणालाही बोलवू नका. त्यापुढच्या रकान्यात, दुरुस्ती कोणी केली, तिनं मोठ्यानं म्हणत लिहिलं: धोंडुबाई, गूळ. आपलं नाव ऐकून धोंडुबाई म्हणाली, “माजं नाव कशाला घालतीस त्यात, मी काय मशीनवाली हाय व्हय,” आणि पदरानं तोंड पुसत दुसरीकडं बघायला लागली.

“सही,” अण्णा म्हणाले.

एरवी ती सहीच्या जागी नुसतं ‘वि’ काढायची. आज तिनं पूर्ण नाव लिहिलं, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. विनोदिनी वामन किन्हईकर. मधलं नाव लिहिताना तिला रडू फुटलं.

अण्णांनी वही हातात मागितली. डोळ्यांजवळ धरून त्यांनी पाचवी ओळ सावकाश वाचली, शेवटपर्यंत.

“कृष्णात बरोबर बोलला होता,” ते म्हणाले. “आणि तूही बरोबर लिहिलंयस.”